न थांबलेला ठिपका

सातारा स्टँडवर कोल्हापूर गाडीच्या कंडक्टरने आधी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा सायकलीकडे. पुढचं चाक काढून मी ते बगलेत धरलं होतं.

"मुलाला पोचवताय का?" त्याने विचारलं.

"नाही. मीच चालवते."

"कोल्हापुरात?"

"कोल्हापूरच्या पुढं. डोंगरात."

त्याने माझं तिकीट काढलं, सायकलीचंही काढलं आणि डिकीचं दार उघडून दिलं. कुणाच्या तरी लग्नाच्या बोचक्यांवर माझी सायकल आडवी झाली. पुढे प्रत्येक थांब्यावर मी खाली उतरून डिकीचं दार नीट लागलंय ना ते बघून येत होते. कराडला शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "पोटात बरं नाही का तुमच्या?"

पोट बरं होतं. जीव थाऱ्यावर नव्हता. तो का नव्हता ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

साताऱ्यात आमचं चष्म्याचं दुकान आहे. आमच्या पेठेतली निम्मी माणसं मी लावून दिलेल्या काचांमधून जग बघतात. चाळिशी उलटल्यावर गुडघे कुरकुरायला लागले आणि डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं. मी सायकल घेतली ती जाड चाकांची, दगडधोंड्यातून जाणारी, लोक माउंटन बाईक म्हणतात ती. डॉक्टरांच्या मनात तळ्याभोवतीची फेरी होती हे मला नंतर समजलं.

सायकलीपाठोपाठ आलं अॅप. हँडलवरच्या पकडीत फोन अडकवायचा, अॅप सुरू करायचं आणि निघायचं. तुम्ही कुठून गेलात, किती चढलात, कुठे रेंगाळलात हे सगळं नकाशावर उमटत जातं, आणि एखादा चढ संपला की बाकीच्यांनाही लगेच दिसतं. प्रत्येक चढाची एक यादी असते. कोण पहिलं, कोण दुसरं. मी कायम यादीच्या तळाला, पण यादीत होते, आणि माणसाला तेवढंही चेव आणायला पुरतं. ज्या बाईला सकाळी दूध घ्यायला खाली उतरायचा कंटाळा, ती उजाडायच्या आत यवतेश्वरचा घाट चढायला लागली. आमच्या सायकल क्लबात तर अॅपवर नाही म्हणजे झालंच नाही असा कायदा आहे. तिथे पुराव्याशिवाय पायसुद्धा दुखून चालत नाहीत. रात्री जेवताना मी ताटाशेजारी फोन ठेवून दुसऱ्यांच्या राइडी बघत बसायचे, आणि कुणी माझ्या पुढे गेलं की घास उतरायचा नाही.

त्यातच स्पितीचं निघालं. उन्हाळ्यात क्लबातले काही जण हिमालयात सायकली घेऊन जाणार होते आणि एकच जागा उरली होती. आमचा कॅप्टन पेशाने दातांचा डॉक्टर आहे, शिस्तीला दाढ उपटण्याइतकाच निर्दय. त्याने अट घातली की ज्याला ही जागा हवी त्याने अनोळखी मुलखात, एकट्याने, दिवसभराची एक राइड करायची, शेवटी कच्च्या रस्त्याचा मोठा चढ असायला हवा, आणि रविवारच्या संध्याकाळपर्यंत ती अॅपवर दिसायला हवी. वाटेत सायकल एकदा जरी कुठल्या गाडीत चढली तरी राइड बाद.

मला स्पिती हवं होतं. इतकं हवं होतं की ते कुणाला सांगायचीही मला लाज वाटत होती.

आमच्या ह्यांना, म्हणजे मोहनरावांना, ते नको होतं. तसं ते तोंडाने बोलले नाहीत. मागे एकदा मी घाटात पडले होते, गळ्याचं हाड मोडून गवतात पडून होते, आणि ह्यांना ते दुपारी कळलं. तेव्हापासून मी सायकलवर बसले की माझा ठिपका ह्यांच्या फोनवर दिसलाच पाहिजे, अशी आमच्या घरची अट. मी यवतेश्वर चढत असते आणि हे दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवता ठेवता फोनकडे बघत असतात. आपल्यावर सतत कुणाची तरी नजर आहे या भावनेने मी कावायचे. बोलून दाखवायचे. हे ऐकून घ्यायचे आणि बघत राहायचे.

कळंब्याला मावसबहिणीकडे रात्र काढली. रात्र काढली म्हणजे कूस बदलत पडून राहिले. पहाटे तिने दशम्या बांधून दिल्या, त्या मी वजन वाढतं म्हणून निम्म्या तिथेच ठेवल्या. तलावाकाठी अॅप सुरू केलं तेव्हा पाण्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. चालायला आलेले एक आजोबा काठी टेकून माझी खटपट बघत होते.

"काय बिघडलंय काय सायकलचं?" त्यांनी विचारलं.

"नाही, फोन लावतेय."

"कुणाला, इतक्या सकाळी?"

समजावून सांगायला मी थांबले नाही. थांबलं की सरासरी वेग घसरतो.

गारगोटी रस्त्याला लागले आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर उसाने इतके भरलेले, की मागून ट्रॅक्टर दिसतच नव्हता, एक हिरवट भिंत गाणी वाजवत चालल्यासारखी वाटत होती. भिंत ओलांडायची म्हणजे धाडस. एकीला ओलांडून श्वास सोडावा तर पुढे दुसरी. रस्त्यावर उसाच्या कांड्या चेपून चिकट लगदा झाला होता. इस्पुर्लीच्या अलीकडे पाचट (उसाचा वाळलेला पाला) माझ्या गिअरमध्ये जाऊन गुंडाळलं आणि पायडल जागच्या जागी अडकलं. सायकल उलटी करून मी एकेक पाती ओढत बसले. हात काळे झाले, नखं मोडली. तेवढ्यात फोन वाजला.

"थांबलीस का?" ह्यांचा आवाज.

"पाचट अडकलंय."

"लागलं नाही ना?"

"नाही हो. पाचट काढू का तुमच्याशी बोलू?"

त्यांनी फोन ठेवला. मी मनातल्या मनात आणखी दोन वाक्यं बोलून घेतली. मग फोनचा आवाज बंद केला आणि निघाले.

बिद्री जवळ आल्याचं नाकाला आधी कळतं. कारखान्याच्या मळीचा तो आंबूस-गोड वास एकदा लागला की मैलभर सुटत नाही. वजनकाट्यावर जायला थांबलेल्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग रस्त्याच्या कडेने पसरली होती. चहाच्या टपरीवर मी एक पाय जमिनीवर टेकून, सायकलवर बसूनच कप मागितला.

"पावणं, कुठनं आलासा?" बाकड्यावरच्या एका फेटेवाल्याने विचारलं. मी हेल्मेट काढलं तसा तो सावरून बसला. "आरं, ताई हायत की. या, बसा हितं."

"नको दादा, बसायला वेळ नाही."

"बसायला सवड न्हाय, तर मग फिरायला कशाला निघालासा?"

टपरीवाला हसला. मीही हसले, पण कप घशात ओतून लगेच निघाले. त्या माणसाला उत्तर काय द्यायचं, हे पुढचा बराच रस्ता माझ्या डोक्यात घोळत राहिलं. ते मिळालं नाही म्हणून मी जास्तच जोरात पायडल मारत होते.

मुधाळ तिट्ट्याच्या पुढे मी डांबरी सोडली. आता तांबडी माती, नाचणीची कापलेली शेतं, मध्येच काजूची झाडं, आणि समोर तो डोंगर. पायथ्याला एक गाव आणि माथ्यावर एक वाडी, दोन्हींना जोडणारा कच्चा रस्ता वळणं घेत वर गेलेला. नकाशात मी तो चढ इतक्यांदा पाहिला होता की डोळे मिटूनही काढून दाखवला असता. प्रत्यक्षात तो नकाशापेक्षा उभा होता. खरं सांगायचं तर मला आनंद झाला.

गावातून मात्र जाता येईना. रस्ताभर पताका, स्पीकरवर हलगी, आणि घराघरांतून मसाल्याचा ठसका. त्या दिवशी तिथे म्हाई होती. म्हाई म्हणजे गावदेवीची जत्रा. पण त्या बाजूला म्हाई म्हणजे मटण आणि पाहुणे. ज्याच्या दारात जास्त चपला त्याची म्हाई मोठी. त्या दिवशी गावातून कुणी अनोळखी माणूस उपाशी पोटी निघून गेला, तर तो ज्याच्या दारावरून गेला त्याची अब्रू जाते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी फक्त बघितलं, की एक धिप्पाड बाई उंबऱ्यातून उतरून सरळ माझ्या हँडलला हात घालते आहे.

"कुठं चाललासा न जेवता?"

"वर. वाडीला. मला उशीर होतोय, मावशी."

"वाडी कुठं पळून जात न्हाय. दारावरनं पावणी उपाशी गेली तर देवी काय म्हनंल आमास्नी?"

ह्या हौसाक्का. त्यांचे मालक तात्या मागे उभे होते, कपाळभर भंडारा, हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी तांब्या माझ्यापुढे केला. पाय धुवायचं पाणी पुढे आल्यावर नाही म्हणायला मराठी माणसाला फार दगडाचं काळीज लागतं. मी सायकल अंगणात भिंतीला लावली. फोन हँडलवरच ठेवला; राइड चालू होती, काढघाल करताना बंद पडायची भीती. पटकन चार घास खायचे आणि निघायचं, असं मी ठरवलं.

आतल्या खोलीत बायकांची पंगत बसली होती. त्यांनी सरकून मला मध्ये घेतलं. भाकरी, पांढरा रस्सा, सुकं मटण, चिरलेला कांदा. रस्सा इतका सुरेख होता की क्षणभर चढ विसरले. पण क्षणभरच. एक वाटी संपली की दुसरी, नको म्हणून वाटीवर हात धरला तर हाताच्या बाजूने. मी उठायला लागले की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून खाली बसवायचं.

"मागं वाघ लागल्यागत काय करतासा?" हौसाक्का म्हणाल्या. "घरात भांडून आलासा काय?"

"नाही, भांडून नाही. मला तो चढ चढायचाय."

"सायकलवर? बसून?"

"हो."

सगळ्या बायका जेवायच्या थांबल्या. एकीने माझे गुडघे बघितले. हौसाक्कांनी उठून दाराशी जाऊन तात्यांना काहीतरी सांगितलं आणि परत येऊन माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मला वाटलं, बाहेर पाणी भरून ठेवायला सांगितलं असेल.

हात धुऊन बाहेर आले तेव्हा भिंतीशी सायकल नव्हती.

अंगणात माणसं होती, पोरंटोरं होती, कुणाच्या चेहऱ्यावर चोरी झाल्याची काही खूण नव्हती. तात्या पान लावत बसले होते.

"तात्या, माझी सायकल?"

"पाठवली की वर."

"वर कुठं?"

"वाडीला. मंडपाचं सामान घिऊन ट्रॅक्टर चाललाच हुता. म्हनलं, बाईमानूस, पोटात जेवान, कशाला चढ चढायचा. ट्रॉलीत उभी करून नीट बांदून दिलीया. काय काळजी करू नगासा."

ते अगदी समाधानाने सांगत होते. फोन सायकलवर होता. अॅप चालू होतं. माझा चढ माझ्याशिवाय डोंगर चढून गेला होता. मी ओसरीवर बसले आणि मला रडू आलं. चांगलं हमसून.

हौसाक्का धावत आल्या. "काय झालं? फुटली काय सायकल?"

मी सांगायचा प्रयत्न केला. स्पिती, कॅप्टन, गाडीत सायकल चढली की राइड बाद. त्यांना स्पिती कुठे हे कळलं नाही, अॅपही कळलं नाही. पण काहीतरी बिनसलं ते आपल्या हातून, एवढं कळलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आमी चांगलं करायला गेलतो," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे, आक्का," मी म्हणाले. तेही खरं होतं.

देवीचा नैवेद्य घेऊन त्यांना वर जायचंच होतं. डोक्यावर पाटी, पायात चपला, आणि त्यांच्यामागे मी सायकलचे टणक बूट घालून दगडांवरून घसरत. ज्या रस्त्यावर घाम गाळायला आले होते तो मी पाहुणीसारखी चालून चढत होते. एका वळणावर हौसाक्का म्हणाल्या, "तुमच्या त्या दाताच्या डाक्टरला मी सांगते की. माजीच चूक म्हनून सांगते." मी मान हलवली. डोक्यात एकच विचार फिरत होता: वर गेल्यावर आधी अॅप बंद करायचं, म्हणजे निदान पुढचा घोटाळा टळेल.

देवळासमोर सायकल उभी होती. ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टरबरोबर तिचीही पूजा उरकून घेतली होती. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या चाकाला गुलाल, आणि फोनच्या काचेवर मधोमध हळदीकुंकवाचं बोट. ते मी शर्टाच्या टोकाने पुसलं.

पडद्यावर आधी दिसली ती यादी. त्या चढावर आजवर नोंद झालेल्या बायकांत मी पहिली. सामान भरलेला ट्रॅक्टर चढावर जेवढा पळतो, साधारण तेवढाच एखादा तगडा सायकलवाला पळतो, त्यामुळे अॅपला काही संशय आला नव्हता. क्लबाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. जे मला कधी रस्त्यात ओळखही देत नाहीत त्यांचेसुद्धा वर केलेले अंगठे. आणि कॅप्टनचा निरोप: "ताई, मानलं. सीट पक्की."

मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कुणाला काही सांगायचीही गरज नव्हती. गप्प राहिलं की झालं. एवढी सोपी लबाडी माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

मग ह्यांचे आलेले फोन दिसले. एकाखाली एक, पडदाभर. मी लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"कुठल्या दवाखान्यात आहेस?" त्यांनी विचारलं.

"दवाखान्यात? देवळात आहे मी. तुम्ही कुठं आहात?"

पलीकडे गाडीचा आवाज येत होता. मग इंडिकेटरची टकटक, गाडी बाजूला घेतल्याची.

"पेठ नाक्याच्या पुढं," ते म्हणाले. "तू ठीक आहेस?"

"ठीक आहे. जेवत होते. पण तुम्ही निघालात कशाला? ग्रुपवर बघितलं नाहीत? सगळे अभिनंदन करतायत."

"बघितलं."

"मग?"

"तो ठिपका एकदाही थांबला नाही," ते म्हणाले. "तू चढावर थांबतेस. प्रत्येक वळणाच्या अलीकडं थांबतेस, मग वळणावर पुन्हा थांबतेस. तीन वर्षं बघतोय मी. आज तळापासून माथ्यापर्यंत सरळ गेला ठिपका. म्हटलं, ही सायकलवर नाही. हिला कुणीतरी गाडीत घालून नेतंय. फोन उचलेनास. दुकानाचं शटर ओढलं आणि निघालो."

देवळात घंटा वाजत होती. हौसाक्का नैवेद्य दाखवून बाहेर आल्या होत्या आणि माझ्याकडे बघत उभ्या होत्या. ज्या नजरेवर मी इतकी वर्षं खेकसत आले, तिला माझा दम लागणंसुद्धा पाठ होतं. अख्खा ग्रुप टाळ्या वाजवत होता आणि एक माणूस मला शोधायला निघाला होता.

"ट्रॅक्टर होता," मी एवढंच म्हणाले. "मी सांगते सगळं. या तुम्ही. सावकाश या."

फोन ठेवला आणि ती राइड पुसून टाकली. अॅपने खात्री आहे का म्हणून विचारलं. होती. मग कॅप्टनला फोन करून जे झालं ते सांगितलं. तो ऐकत राहिला, मधेच हसला, मग गंभीर झाला.

"कुणाला कळलं नसतं हो, ताई," तो म्हणाला.

"एकाला कळलं."

"आता सांगितलंत म्हणजे मला नियम पाळावा लागेल."

"पाळा," मी म्हणाले. ती जागा माझ्या हातात आली होती, आणि मीच ती सोडून दिली होती.

उतारावरून खाली येताना मी एकदाही ब्रेकवरचा हात काढला नाही. संध्याकाळी ह्यांची गाडी गावात शिरली तेव्हा अंगावर दुकानातलाच शर्ट, खिशात स्क्रूड्रायव्हर तसाच. हौसाक्कांनी त्यांना काही विचारायच्या आत पाटावर बसवलं. तात्यांनी ट्रॉलीची सगळी हकीकत स्वतःच सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "पावणं, चूक आमची. पन सायकल बांदली हुती मातूर एकदम झ्याक." हे मनापासून हसले. मग ते तीन भाकरी जेवले. रात्री कुणी जाऊ देणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आमचं दुकान बंद असतं. रविवार उलटून गेला होता. आता त्या चढाचा कुणाला काही उपयोग नव्हता. तरी सकाळी मी बूट बांधले.

"मी गाडी मागं ठेवतो," हे म्हणाले.

"नको. इथंच बसा. आणि फोन करायचा नाही."

"बरं. पण अॅप लाव."

लावलं. चढ खरोखरच उभा होता. पहिल्या वळणाच्या आधीच मी उतरून हँडलवर डोकं टेकलं. मातीत मागचं चाक नुसतं फिरायचं आणि सायकल बाजूला सरायची. दुसऱ्या वळणावर एका म्हशीने रस्ता अडवला आणि मी तिची मनोमन आभारी झाले. तिसऱ्या वळणावर बसले. खाली कौलं दिसत होती आणि त्यातल्या एका अंगणात हे, एवढे लहान, की ओळखू यायचं कारण नव्हतं. तरी ओळखले. मान खाली घालून बसण्याची ती पद्धत दुसऱ्या कुणाची नाही. दम परत आला होता, निघायला हरकत नव्हती. तरी मी आणखी थोडी बसून राहिले.

फोन वाजला नाही.

वर पोचले तेव्हा देवळात कुणी नव्हतं. अॅपने यादी दाखवली आणि मी तळाला होते. ग्रुपवर एकच अंगठा आला, तो ह्यांचा.

खाली काय झालं ते मला तात्यांनी सांगितलं. हौसाक्का ह्यांच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावल्या होत्या आणि त्यांनी विचारलं होतं, "हे काय बघतासा सारखं?" ह्यांनी बोट ठेवून दाखवलं, ही बघा आमची ही. हौसाक्कांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "एवढीशी?" त्या म्हणाल्या. मग त्याही शेजारी बसल्या आणि मी माथ्याला लागेपर्यंत उठल्या नाहीत.

निघताना त्यांनी गाडीत दही, नाचणीचं पीठ आणि अख्खं केळफूल टाकलं. सायकल डिकीत आडवी झाली. मुधाळ तिट्टा, बिद्री, पुन्हा तीच ट्रॅक्टरांची रांग. बिद्रीत आम्ही बाकड्यावर बसून चहा प्यालो. मग कागलकडून येणाऱ्या हायवेला लागलो. स्पितीची जागा गेल्याचं दुःख मला वाटेवर कुठेतरी परत येऊन भेटलं, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले. ह्यांना ते समजलं असणार. पुढच्या वर्षी बघू, असं काही त्यांनी म्हटलं नाही, ते बरं केलं.

किणीचा टोलनाका गेल्यावर त्यांनी विचारलं, "एक विचारू? तू थांबतेस ते मला दिसतं. पण थांबून काय करतेस, ते कधी कळत नाही."

तीन वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं, आणि मीही आपण होऊन कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे वळून बसले. पहिल्या वळणाच्या अलीकडचा तो भुसभुशीत चढ, काजूच्या झाडाखालची सावली, म्हैस, तिच्या गळ्यातली फुटकी घंटा, मग बसायला मिळालेला तो सपाट दगड, सगळं सांगायला लागले. हे वेग कमी करून ऐकत होते. कराड आलं तेव्हा मी अजून तिसऱ्या वळणावरच होते.